‘संमती घेतली होती’ : गर्भाशयमुखाचा कर्करोग आणि भारतीय संशोधननीतीची चार दशके

१९७६ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, म्हणजेच आयसीएमआरने, दिल्लीत एक दीर्घकालीन अभ्यास हाती घेतला. रुग्णालयांत आलेल्या ज्या स्त्रियांच्या गर्भाशयमुखावरील पेशींत कर्करोगपूर्व बदल आढळले, अशा १,१५८ स्त्रियांचा त्यात समावेश होता. या बदलांना वैद्यकाच्या भाषेत डिस्प्लेशिया म्हणतात. डिस्प्लेशिया म्हणजे कर्करोग नव्हे. सौम्य डिस्प्लेशिया पुष्कळदा आपोआप नाहीसा होतो. तीव्र डिस्प्लेशिया मात्र काही स्त्रियांत काही वर्षांनी कर्करोगाचे रूप घेतो. किती स्त्रियांत आणि किती काळाने, हे संशोधकांना मोजायचे होते. मोजण्याची रीत सरळ होती: स्त्रियांना ठरावीक काळाने बोलवायचे, तपासायचे, बदल कोणत्या दिशेने चालला आहे ते नोंदवायचे आणि मधल्या काळात उपचार करायचे नाहीत.

हा अभ्यास बारा वर्षे चालला. १९८८ मध्ये तो संपला तेव्हा ७१ स्त्रियांत कर्करोग उद्भवलेला होता. त्यांपैकी ६२ जणींत तो गर्भाशयमुखाच्या वरच्या थरापुरता मर्यादित असताना सापडला आणि मग उपचार झाले. उरलेल्या ९ जणींत उपचार सुरू होण्यापूर्वीच तो खोलवर पसरला होता.

यात गुप्त असे काही नव्हते. अभ्यास सरकारी पैशाने, देशाच्या सर्वोच्च वैद्यकीय संशोधन संस्थेच्या छत्राखाली झाला आणि त्याचे निष्कर्ष शास्त्रीय नियतकालिकांत छापून आले. ते वाचणाऱ्या तज्ज्ञांना आकडे दिसत होते. आकड्यांमागचा प्रश्न दिसायला आणखी नऊ वर्षे लागली. एप्रिल १९९७ मध्ये पत्रकार गणपती मुदूर यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये या अभ्यासावर आक्षेप घेतले जात असल्याचे वृत्त दिले. या स्त्रियांना, ज्यांतील अनेकींना लिहितावाचता येत नव्हते, आपल्या शरीरातील बदल कर्करोगाकडे जाऊ शकतो आणि त्यावर उपचार आहे हे सांगितले गेले होते काय, असा तो प्रश्न होता. परिषदेच्या बाजूने आलेले उत्तर थोडक्यात असे: १९७६ मध्ये लेखी संमती बंधनकारक नव्हती, सर्व स्त्रियांची तोंडी संमती घेतली होती.

हे उत्तर नीट तपासून पाहण्याजोगे आहे, कारण पुढील चार दशकांत ते निरनिराळ्या रूपांत पुन्हा पुन्हा ऐकू येते.

त्या काळी नियम नव्हते, हे अर्धसत्य आहे. नाझी डॉक्टरांवरील खटल्याच्या निकालातून १९४७ मध्ये न्यूरेंबर्ग संहिता आली होती आणि तिचे पहिलेच कलम स्वेच्छासंमतीचे होते. जागतिक वैद्यक संघटनेचा हेलसिंकी जाहीरनामा १९६४ चा. १९७५ मध्ये टोकियो येथे त्यात मोठी सुधारणा झाली आणि स्वतंत्र समितीकडून संशोधनाच्या आराखड्याची छाननी व्हावी, ही अपेक्षा त्यात आली. त्या सुधारित मसुद्यातील संमतीविषयीची तरतूद विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. संमती शक्यतो लेखी असावी, असे तो म्हणतो. म्हणजे ‘लेखी’ हा शब्द तेथे ऐच्छिक होता. माहिती देण्याविषयी मात्र कसलीही सवलत नव्हती: उद्देश, पद्धत, अपेक्षित लाभ आणि संभाव्य धोका सांगूनच संमती घ्यायची होती. तेव्हा ‘लेखी नव्हती, पण तोंडी होती’ हा खुलासा ऐच्छिक भागाचे उत्तर देतो आणि अनिवार्य भागाविषयी मौन पाळतो. तोंडी संमतीत काहीच वावगे नाही. पण त्या तोंडी संमतीपूर्वी तोंडी काय सांगितले गेले, हा खरा मुद्दा होता.

याहून अवघड वस्तुस्थिती दुसरी आहे. फेब्रुवारी १९८० मध्ये आयसीएमआरनेच मानवी संशोधनातील नैतिक बाबींविषयी आपले धोरण-निवेदन प्रसिद्ध केले. ते तयार करणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते न्यायमूर्ती हंसराज खन्ना. आणीबाणीत, एप्रिल १९७६ मध्ये, जीविताचा आणि स्वातंत्र्याचा हक्क सरकार स्थगित करू शकते काय या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींपैकी एकट्यांनी विरोधी मत नोंदवले, ते हेच खन्ना. ज्या वर्षी दिल्लीतील अभ्यास सुरू झाला, त्याच वर्षीचा हा निकाल. चार वर्षांनी त्याच खन्नांच्या नावाने परिषदेने संशोधनात सहभागी होणाऱ्या व्यक्तीच्या संमतीचे आणि नैतिकता समित्यांचे तत्त्व मान्य केले. दिल्लीतील अभ्यास त्यानंतर आठ वर्षे चालू राहिला. १९७६ चे नियम अपुरे होते असे मानले, तरी १९८० नंतर जुने अभ्यास नव्या तत्त्वांच्या कसोटीवर पुन्हा पाहण्याची जबाबदारी कोणाची होती? निवेदनाला कायद्याचे बळ नव्हते आणि चालू अभ्यासाच्या मध्यात शिरून तपासणी करणारी यंत्रणाही नव्हती. तत्त्व एका कपाटात आणि अभ्यास दुसऱ्या इमारतीत, अशी ती स्थिती होती.

संशोधकांविषयी न्यायबुद्धीने बोलायचे, तर त्यांचा हेतू दुष्ट होता असे म्हणण्यास आधार नाही. गर्भाशयमुखाचा कर्करोग त्या काळी भारतीय स्त्रियांतील सर्वांत मोठ्या कर्करोगांपैकी एक होता. पेशी तपासणाऱ्या प्रयोगशाळा मोजक्या, प्रशिक्षित माणसे त्याहून मोजकी. कोणत्या स्त्रियांवर आधी लक्ष द्यावे हे कळले, तर तुटपुंजी साधने योग्य ठिकाणी वापरता येतील, हा विचार चुकीचा नव्हता. पण ‘नैसर्गिक वाटचाल पाहणे’ या शब्दप्रयोगात एक फसवी निरागसता आहे. खगोलशास्त्रज्ञ ताऱ्याच्या आयुष्यात हस्तक्षेप करीत नाही, कारण तो करूच शकत नाही. ज्याच्या हाताशी उपचार आहे त्याने केवळ पाहत राहणे ही निसर्गाची वाटचाल उरत नाही. तो उपचार न करण्याचा निर्णय असतो, आणि तो दर भेटीला नव्याने घेतला जात असतो.

असा निर्णय कोठवर जाऊ शकतो, हे पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला त्याच सुमारास उघड झाले होते. न्यूझीलंडमध्ये ऑकलंड येथील नॅशनल विमेन्स हॉस्पिटलमध्ये १९६६ पासून डॉ. हर्बर्ट ग्रीन यांनी गर्भाशयमुखाच्या कर्करोगपूर्व अवस्थेतील अनेक स्त्रियांवर पूर्ण उपचार न करता त्यांना निरीक्षणाखाली ठेवले. ही अवस्था कर्करोगात बदलत नाही, अशी त्यांची धारणा होती. त्याच रुग्णालयातील सहकाऱ्यांनी आक्षेप घेतले, ते दाबले गेले. अखेर १९८४ मध्ये त्यांनी आकडे प्रसिद्ध केले. जून १९८७ मध्ये सँड्रा कोनी आणि फिलिडा बंकल यांनी ‘मेट्रो’ मासिकात हे प्रकरण सामान्य वाचकांपुढे मांडले. सरकारने न्यायाधीश सिल्व्हिया कार्टराइट यांच्याकडे जाहीर चौकशी सोपवली आणि १९८८ च्या ऑगस्टमध्ये अहवाल आला. त्यातून त्या देशात रुग्णांच्या हक्कांची कायदेशीर संहिता आणि ती राखणारे आयुक्तपद उभे राहिले. पुढे २००८ मध्ये त्याच स्त्रियांच्या नोंदींचा अभ्यास झाला: तीव्र अवस्थेतील ज्या स्त्रियांवर पुरेसे उपचार झाले नव्हते, त्यांच्यात तीस वर्षांत सुमारे ३१ टक्क्यांना पसरणारा कर्करोग झाला, योग्य उपचार झालेल्यांत हे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी होते.

कार्टराइट अहवाल आला ते १९८८ आणि दिल्लीतील अभ्यास संपला तेही १९८८. दिल्लीच्या प्रकरणाची मात्र अशी जाहीर न्यायालयीन चौकशी झाली नाही. न्यूझीलंडमध्ये स्त्रिया साक्ष द्यायला उभ्या राहिल्या. भारतात त्या १,१५८ स्त्रिया सार्वजनिक चर्चेत संख्या म्हणूनच उरल्या.

तरीही १९९७ च्या त्या वादळाचा काहीच परिणाम झाला नाही, असे नाही. आयसीएमआरने १९९६ मध्येच न्यायमूर्ती एम. एन. व्यंकटचलय्या यांच्या अध्यक्षतेखाली केंद्रीय नैतिकता समिती नेमली होती. तिच्या कामातून २००० साली मानवी संशोधनाविषयीची सविस्तर मार्गदर्शक तत्त्वे आली. २००६ मध्ये ती सुधारली गेली आणि शीर्षकात एक बदल झाला: ज्यांच्यावर संशोधन होते ते ‘विषय’ आता ‘सहभागी’ झाले. हा बदल केवळ शब्दांचा वाटेल. पण जागतिक वैद्यक संघटनेला हेलसिंकी जाहीरनाम्यात हाच बदल करायला २०२४ साल उजाडले, हेही नोंदवायला हवे. शब्दांच्या बाबतीत भारत मागे नव्हता.

शब्दांपलीकडचा प्रश्न याच काळात महाराष्ट्रात उभा राहत होता आणि तो दिल्लीच्या प्रश्नाहून अधिक गुंतागुंतीचा होता. १९९८ मध्ये मुंबईच्या वस्त्यांत टाटा मेमोरियल रुग्णालयाने आणि १९९९ मध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात बार्शीच्या कर्करोग रुग्णालयासह टाटा मेमोरियल आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था यांनी मोठ्या चाचण्या सुरू केल्या. तिसरी चाचणी तमिळनाडूत दिंडिगुल जिल्ह्यात झाली. उद्देश स्पष्ट होता: पॅप स्मिअरसाठी लागणारी प्रयोगशाळा नसलेल्या ठिकाणी दुसरी कोणती तपासणी स्त्रियांचे प्राण वाचवू शकते? एक पर्याय फारच स्वस्त होता. गर्भाशयमुखाला पातळ ॲसिटिक आम्ल, म्हणजे सौम्य व्हिनेगर, लावायचे आणि कोठे पांढरा डाग उमटतो ते डोळ्यांनी पाहायचे. दुसरा पर्याय होता एचपीव्ही या विषाणूची चाचणी.

या चाचण्यांची रचना समजून घेतल्याशिवाय वाद समजत नाही. गावांचे किंवा वस्त्यांचे गट पाडले गेले आणि कोणत्या गटाला कोणती तपासणी मिळेल हे चिठ्ठी टाकावी तसे ठरले. उस्मानाबादेत ५२ ग्रामसमूहांतील १,३१,७४६ स्त्रिया चार गटांत विभागल्या: एकात एचपीव्ही चाचणी, एकात पॅप स्मिअर, एकात व्हिनेगरची तपासणी आणि चौथ्यात यांपैकी काहीही नाही. मुंबईत दोन गट होते: सुमारे ७५ हजार स्त्रियांना दर दोन वर्षांनी व्हिनेगरची तपासणी, सुमारे ७६ हजारांना कर्करोगाविषयी आरोग्यशिक्षण, पण तपासणी नाही. शास्त्रीय भाषेत हा शेवटचा गट म्हणजे नियंत्रण गट.

निकाल महत्त्वाचे होते, हे टीकाकारही मान्य करतील. उस्मानाबादचा निबंध २००९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला: एचपीव्ही चाचणी एकदाच झालेल्या सुमारे ३४ हजार स्त्रियांत या कर्करोगाने ३४ मृत्यू, तर नियंत्रण गटातील सुमारे ३१ हजारांत ६४. मुंबईच्या चाचणीने दाखवले की प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी केलेल्या व्हिनेगरच्या तपासणीने मृत्युदर ३१ टक्क्यांनी घटतो. जगभरच्या गरीब देशांच्या तपासणी-धोरणांत या आकड्यांचा आधार घेतला जातो.

आणि तरीही त्या ६४ या संख्येपाशी थांबावे लागते. अमेरिकी पॅथॉलॉजिस्ट एरिक सुबा यांनी अनेक वर्षे हा प्रश्न लावून धरला. मुंबईहून निघणाऱ्या ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स’मधील त्यांच्या लेखानुसार तिन्ही चाचण्यांच्या तपासणीविना ठेवलेल्या गटांत मिळून किमान २५४ स्त्रिया गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने दगावल्या. पॅप स्मिअरने मृत्यू घटतात हे नॉर्डिक देशांच्या अनुभवावरून १९९८ पूर्वीच माहीत होते. मग काहीही न देणारा गट कशासाठी, हा त्यांचा आक्षेप. चाचणी करणाऱ्यांचे उत्तर असे की भारतात तपासणीचा कार्यक्रमच अस्तित्वात नव्हता, म्हणून तपासणी नसणे हीच येथील प्रचलित सेवा होती. नियंत्रण गटातील स्त्रीला चाचणीबाहेर जे मिळाले असते, त्याहून कमी काही मिळाले नाही.

शास्त्रीय बाजूने या उत्तरात दम आहे, आणि तो टाळून चालणार नाही. तिन्ही तपासण्या एकमेकींशीच ताडून पाहिल्या असत्या, तर कोणती सरस एवढे कळले असते. सर्वांत स्वस्त तपासणी मुळात काही उपयोगाची आहे काय, हे कळले नसते. उस्मानाबादेत व्हिनेगरच्या एकाच फेरीने मृत्युदरात ठोस घट दिसली नाही, आणि मुंबईत चार फेऱ्यांनी दिसली. हा फरक नियंत्रण गटावाचून उमगणे कठीण होते. पण आधाररेषा मिळवण्याचा तो एकच मार्ग होता असेही नाही. मुंबईची कर्करोग नोंदणी १९६० च्या दशकापासून चालू आहे, बार्शीची ग्रामीण नोंदणी १९८७ पासून. त्या नोंदींशी केलेली तुलना यादृच्छिक चाचणीइतकी काटेकोर ठरली नसती, हे खरे. काटेकोरपणाची किंमत होती आणि ती कोणी मोजली, हे त्या २५४ च्या आकड्यात लिहिलेले आहे.

‘प्रचलित सेवा’ या शब्दांचा अर्थही येथे तपासावा लागतो. धाराशिवच्या खेड्यात तपासणी नसणे ही काही नैसर्गिक स्थिती नव्हती. ती शासनाने न केलेल्या कामाची परिणती होती. तो अभाव संशोधनाची आधाररेषा झाला की अन्यायाला शास्त्रीय संज्ञेचे स्थान मिळते. संशोधकांनी तो अभाव निर्माण केला नव्हता. पण त्यांनी तो वापरला, आणि वापरताना स्त्रियांना त्याची कल्पना किती दिली, हा प्रश्न मुंबईच्या बाबतीत अमेरिकेतील मानवी संशोधन संरक्षण कार्यालयापर्यंत पोहोचला, कारण या चाचणीचा निधी तेथील राष्ट्रीय कर्करोग संस्थेचा होता. स्त्रियांना दिलेली माहिती अपुरी होती, असे त्या कार्यालयाचे मत पडले. आरोग्यशिक्षण घेतलेली, सही किंवा अंगठा दिलेली आणि तपासणी न झालेली स्त्री: तिला पॅप स्मिअर नावाची गोष्ट शहरातल्या एखाद्या रुग्णालयात उपलब्ध आहे हे ठाऊक होते काय? संमतीचा मुद्दा पुन्हा दिल्लीच्याच जागी येऊन उभा राहतो.

संशोधनाचा लाभ ज्यांच्यावर संशोधन झाले त्या समाजाकडे परत यावा, असे आजची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. केंद्र सरकारने २०१६ मध्ये व्हिनेगरच्या तपासणीवर आधारलेली राष्ट्रीय तपासणी-चौकट आखली. त्यानंतर झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, ३० ते ४९ वयोगटातील ज्या भारतीय स्त्रियांची गर्भाशयमुखाची तपासणी आयुष्यात एकदा तरी झाली होती, त्यांचे प्रमाण १.९ टक्के होते. चाचणीचे निष्कर्ष जगभर गेले. ज्या देशाच्या स्त्रियांनी ते मिळवून दिले, तेथे शंभरातील अठ्ठ्याण्णव जणी तेव्हाही त्या ‘नियंत्रण गटा’तच होत्या.

तिसरे प्रकरण याच रोगाचे, पण येथे स्त्रियांच्या जागी शाळकरी मुली होत्या. गर्भाशयमुखाच्या बहुतेक सर्व कर्करोगांचे मूळ एचपीव्ही विषाणूत असते आणि त्यावरील लशींना भारतात २००८ मध्ये परवानगी मिळाली होती. २००९ च्या जुलैत आंध्र प्रदेशातील खम्मम जिल्ह्यात आणि ऑगस्टमध्ये गुजरातेत वडोदरा जिल्ह्यात ‘पाथ’ या अमेरिकी संस्थेने, आयसीएमआर आणि राज्य सरकारांच्या सहभागाने, १० ते १४ वर्षांच्या मुलींना लस देण्याचा प्रकल्प सुरू केला. निधी गेट्स प्रतिष्ठानचा होता. पुढे सात मुलींचा मृत्यू झाल्याचे उघड झाले. स्त्री-आरोग्य संघटनांनी भद्राचलम परिसरात जाऊन पाहणी केली आणि एप्रिल २०१० मध्ये केंद्र सरकारने प्रकल्प थांबवला.

मृत्यूंचा लशीशी संबंध असल्याचे सरकारी चौकशीत आढळले नाही, आणि ही गोष्ट ठळकपणे सांगितली पाहिजे. समाजमाध्यमांवर ‘लशीने सात मुली मारल्या’ असे वाक्य आजही फिरते, ते टिकणारे नाही. या लशी परिणामकारक आहेत याचा पुरावा नंतरच्या वर्षांत अनेक देशांतून आला आहे. खम्ममचा दोष दुसरीकडे होता, आणि तो संसदेच्या स्थायी समितीने ऑगस्ट २०१३ मध्ये सादर केलेल्या आपल्या ७२ व्या अहवालात आकड्यांनिशी मांडला. आंध्रमधील तपासलेल्या ९,५४३ संमतिपत्रांपैकी १,९४८ पत्रांवर अंगठे होते आणि २,७६३ पत्रांवर वसतिगृहाच्या वॉर्डनने सही केली होती. मुलींपैकी अनेक जणी आदिवासी होत्या, सरकारी आश्रमशाळांत राहत होत्या; पालक दूर गावी. सरकारी कार्यक्रम म्हटल्यावर वॉर्डनने सही केली. कागदावरील रकाना भरला.

प्रकल्पाला ‘चाचणी’ न म्हणता ‘प्रात्यक्षिक प्रकल्प’ म्हटले गेले होते. लशीला परवानगी असल्याने ही नवी औषधचाचणी नाही, कार्यक्रम राबवता येतो काय याचा हा अभ्यास आहे, अशी आयोजकांची भूमिका होती. समितीने ती मान्य केली नाही. व्याख्येचा हा वाद कोरडा वाटतो, पण दुष्परिणाम टिपण्याची व्यवस्था, विमा, भरपाई, स्वतंत्र देखरेख हे सारे ‘चाचणी’ या शब्दाला चिकटून येते. नाव बदलले की तेही गळून पडते. समितीने आयसीएमआरलाही सोडले नाही. जी संस्था देशाला नैतिकतेची तत्त्वे शिकवते तीच प्रकल्पाची भागीदार असेल, तर तिच्यावर लक्ष कोण ठेवणार? १९८० नंतरच्या दिल्लीत अनुत्तरित राहिलेला प्रश्न तो हाच.

याच प्रकरणातील याचिकेने, कल्पना मेहता विरुद्ध भारत सरकार या खटल्याने, घटनात्मक कायद्यातही आपली जागा घेतली आहे. संसदीय समितीचा अहवाल न्यायालयापुढे आधार म्हणून वापरता येतो काय, असा वाद निघाला. मे २०१८ मध्ये घटनापीठाने तो वापरण्यास मुभा दिली. याच सुमारास इंदूरच्या स्वास्थ्य अधिकार मंचाच्या जनहित याचिकेवर सर्वोच्च न्यायालयात औषधचाचण्यांच्या देखरेखीची झडती चालली होती. परिणाम वेगाने झाले. २०१३ च्या जानेवारी-फेब्रुवारीत सरकारने नियम बदलून चाचणीतील इजा आणि मृत्यू यांची भरपाई व नैतिकता समित्यांची नोंदणी बंधनकारक केली. पुढे संमतीच्या ध्वनिचित्रमुद्रणाची अट आली, ती २०१५ मध्ये दुर्बल घटकांच्या सहभागापुरती सीमित झाली. मार्च २०१९ च्या नवीन औषधे आणि चिकित्सालयीन चाचणी नियमांत हे सारे एकत्र आले. आयसीएमआरच्या मार्गदर्शक तत्त्वांची आजची आवृत्ती २०१७ ची आहे. समितीचा अध्यक्ष संस्थेबाहेरचा असावा, समितीत सामान्य नागरिक असावा, निरक्षर व्यक्तीच्या संमतीच्या वेळी निष्पक्ष साक्षीदार हजर असावा, असे आज जे नियम विद्यार्थी परीक्षेसाठी पाठ करतात, त्यांच्यामागे अशी गावे आणि अशा वस्त्या आहेत.

या क्रमात एक गोष्ट सलते. दिल्लीचे प्रकरण पत्रकाराने मांडले, महाराष्ट्राचे एका परदेशी डॉक्टराने लावून धरले, खम्ममचे स्त्री-संघटनांनी, भरपाईचे एका याचिकाकर्त्या मंचाने. संशोधनसंस्थांच्या आतून, निबंध तपासणाऱ्या समीक्षकांकडून, परिषदांमधील प्रश्नोत्तरांतून आवाज उठल्याची उदाहरणे विरळा. दिल्लीचे आकडे शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षे वाचले, उद्धृत केले. आकडेवारीच्या मर्यादांवर टीका करण्यास कचरत नसलेला हा समाज, ते आकडे कसे मिळाले हे विचारताना मात्र संकोचत होता. नैतिकता समितीकडे अर्ज भरणे हे कारकुनी काम आहे, अशी भावना अनेक प्रयोगशाळांत अजूनही दिसते. समाजमाध्यमांवरील वर्तनाचा किंवा मोबाइलमधून मिळणाऱ्या हालचालींच्या नोंदींचा अभ्यास करणारे संगणकशास्त्रज्ञ आणि भौतिकीचे अभ्यासकही आता माणसांवर संशोधन करतात, पण त्यातील अनेकांना आपण या इतिहासाचे वारस आहोत याची जाणीव नसते.

दरम्यान रोग थांबलेला नाही. ग्लोबोकॅनच्या २०२० च्या अंदाजानुसार भारतात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे वर्षाला सुमारे १ लाख २४ हजार नवे रुग्ण आणि ७७ हजारांहून अधिक मृत्यू होतात. जुलै २०२२ मध्ये पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या ‘सर्वाव्हॅक’ या देशी लशीला परवानगी मिळाली. खम्ममचा प्रकल्प थांबल्यापासून मध्ये बारा वर्षे गेली, आणि या काळात एचपीव्ही लशीचा विषय निघाला की संशयही निघाला. त्या संशयाचे खापर अफवा पसरवणाऱ्यांवर फोडणे सोपे आहे. पण वॉर्डनच्या २,७६३ सह्या अफवा नव्हत्या.

मुलांवरील संशोधनात पालकांची संमती लागतेच. त्याखेरीज २०१७ च्या तत्त्वांनुसार सात ते बारा वर्षांच्या मुलाची तोंडी आणि बारा ते अठरा वर्षांच्या मुलाची लेखी अनुमतीही घ्यावी लागते, आणि ती त्याला समजेल अशा भाषेत विचारावी लागते. खम्ममच्या मुली दहा ते चौदा वर्षांच्या होत्या.